इघिल अवराघची माती

इघिल अवराघ डोंगराच्या उत्तर उतारावर मातीचे थर तपासायला खड्डा घ्यायचा तर जागा एकच आहे. वर खडकाची धार, खाली ओढा, मध्ये ओकांचं दाट रान. त्या रानात कुठे वाट आडवी जाते, कुठे उन्मळलेल्या झाडाने मुळांसकट जमीन उपसून ठेवलेली, कुठे रानडुकरांनी सगळं उकरून टाकलेलं. उताराच्या ऐन मध्यावर मात्र एक पट्टा असा आहे की जमीन सरळ उतरते, दगड वर आलेले नाहीत, आणि झाडं एकमेकांपासून अदबीने अंतर राखून उभी आहेत. मातीचं काम करणारा माणूस तिथे येऊन थांबतोच. जेजिगा थांबली.

"इथे," ती म्हणाली.

कासीने खांद्यावरचा टिकाव आणि फावडं धाडकन खाली टाकलं. कासी वनखात्याचा रखवालदार, पन्नाशीचा. सकाळपासून त्याच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "देवाचे उपकार! मला वाटलं, बाई आता धार ओलांडून थेट समुद्रात नेऊन बुडवतात."

दा मेझियान, तिला हे काम शिकवणारे म्हातारे, मागेच, वाटेवर उभे राहिले होते.

"इथे नको, पोरी," ते म्हणाले. "खाली झऱ्याजवळ घे. माती खोल आहे तिथे. कासीची कंबरही वाचेल."

"दा, झऱ्याजवळची माती वरून वाहून आलेली. ती त्या जागेची नव्हेच. मला कुणी शिकवलं हे?"

"शिकवलं असेल. म्हातारी माणसं काहीबाही बोलतात."

कासी हसला, जेजिगाही हसली. दा मेझियान हसले नाहीत. चढ चढून दमले असतील, असं तिला वाटलं. सत्तरी उलटलेल्या माणसाला इतकं वर आणायचं तिच्या मनातही नव्हतं. हा आईचा हट्ट. 'डोंगरात एकटी जाऊ नकोस, दा मेझियानना ने,' असं मालहाने बजावलं होतं. आधी त्यांनी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं, मग हवेचं. पण कोणत्या उतारावर जायचंय हे कळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून ते दारात हजर. जेजिगाला त्याचं कौतुकच वाटलं होतं. जुना कामसू माणूस, जंगलाचं नाव काढलं की राहवत नाही, असं ती आईला म्हणालीही.

आमच्या काबिल डोंगरात 'अम्जाह' असा एक शब्द आहे आणि तो शिवीसारखा वापरतात. फ्रान्सला कामाला गेला, तिकडचाच झाला, बायकापोरांना विसरला, असा माणूस म्हणजे अम्जाह. प्रत्येक गावात असे दोन-चार असतातच, आणि गाव त्यांना मेलेल्या माणसांपेक्षा जास्त आठवणीत ठेवतं. मेलेल्याच्या बायकोला निदान शेजारणी भाकरी आणून देतात. अम्जाहच्या बायकोला नुसते सल्ले.

जेजिगा अम्जाहची मुलगी. तिचा बाप बुसाद याच अकफाडूच्या जंगलात मातीचा नकाशा करायचा. जोडीला कायम मेझियान. ती काळी वर्षं होती. रानात बंदूकवाले, रस्त्यावर बंदूकवाले, आणि कोण कुणाचा हे विचारायची सोय नाही. एका पानगळीत बुसाद कामाला म्हणून घरून निघाला तो परतलाच नाही. मेझियान एकटे आले आणि मालहाला म्हणाले, "त्यानं हमरस्त्यावर अल्जिअर्सची बस धरली. म्हणाला, इथे आता जगणं नाही. फ्रान्सला जातो, जम बसला की बोलावून घेतो." पुढच्या वर्षी मार्सेयच्या बंदरात बुसादला कुणीतरी पाहिल्याची बातमीही त्यांनीच आणली. मग बातमीला पाय फुटले. कुणी म्हणालं, तिकडे बाई ठेवलीय. कुणी म्हणालं, दोन मुलं आहेत. एका बहाद्दराने तर त्या मुलांची नावंही सांगितली! गावाच्या जिभेला हाड नसतं हे खरं, पण आमच्या गावाच्या जिभेला लाजही नाही.

मालहाने नवऱ्याचे कपडे वाटून टाकले. पत्राची वाट तिने दोन हिवाळे पाहिली, मग पाहायची सोडून दिली. तेव्हापासून रोज सकाळी चूल पेटवताना ती त्याला शाप द्यायची. तुझ्या पोटात अन्न न राहो, तुला कुणी पाणी न देवो, तुला मूठभर माती न मिळो. हे इतक्या नेमाने चालायचं की लहानपणी जेजिगाला तो नमाजाचाच भाग वाटायचा. जेजिगाने शिकायला मातीचाच विषय घेतला तेव्हा मालहा एवढंच म्हणाली, "जा, त्याच्याच वाटेनं जा. शेवटी तूही मार्सेयला पोचशील."

ती पोचलीही. परिषदेच्या निमित्ताने मार्सेयला गेली असताना व्याख्यानं बुडवून ती बंदराजवळच्या आपल्या लोकांच्या कॅफेंतून बापाचा फोटो दाखवत हिंडली. तिथले म्हातारे डॉमिनोच्या सोंगट्यांवरची नजर न काढता मान हलवायचे. असे फोटो घेऊन येणाऱ्या मुली त्यांनी खूप पाहिल्या होत्या. तिला बापाकडून काही नको होतं. फक्त एकदा समोर उभं राहून विचारायचं होतं, आम्ही तुमचं काय वाकडं केलं होतं? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तिला स्वतःचं घर मांडावंसं वाटत नव्हतं. मांडलंही नव्हतं.

कासीने पालापाचोळा बाजूला सारला आणि खणायला सुरुवात केली. या कामाचे नियम त्याला सांगावे लागले. वरच्या अंगाच्या कडेवर पाय ठेवायचा नाही, कारण त्याच बाजूच्या भिंतीतले मातीचे थर वाचायचे असतात. वरची काळी माती उजवीकडे टाकायची, खालची पिवळी डावीकडे, आणि दोन्ही मिसळू द्यायच्या नाहीत. काम झालं की खालची माती खाली आणि वरची वर, जशी होती तशी परत भरायची. उघडलेली जमीन नीट मिटायची, असं दा मेझियान विद्यार्थ्यांना सांगत, आणि न मिटणाऱ्याला परत डोंगरावर धाडत.

"माती ती माती," कासी घाम पुसत म्हणाला. "आणि तुम्ही लोक तिला पाहुण्यासारखी वेगवेगळ्या ताटांत वाढता."

"खण रे. तोंडापेक्षा हात चालव."

"दोन्ही चालतात, बाई. बायको म्हणते, यातलं एक बंद पडलं तर मी सुखी होईन. कुठलं, ते सांगत नाही."

जेजिगा खड्ड्यात उतरली. वरच्या कुजक्या पानांखाली काळसर माती होती, भुसभुशीत, गांडुळांच्या विष्ठेने कणीदार झालेली. तिने चिमूटभर तोंडात घालून दाताखाली रेती तपासली, थोडी थुंकीने ओली करून बोटांत वळली. त्याखाली तपकिरी थर, त्याखाली पिवळसर, चिकट, वालुकाश्माचे तुकडे असलेला. आम्लाचे थेंब टाकले तर फेस नाही, चुना नव्हताच. रंगपट्ट्यांची पुस्तिका उघडून तिने रंग जुळवले. सगळं बरोबर. नाव तर वर येतानाच तिच्या मनात तयार होतं: वालुकाश्मावरची तपकिरी वनमाती, निचरलेली. या उतारावर दुसरं काही असणं शक्यच नव्हतं.

तरी तिचं समाधान होईना. खणताना कासीच्या टिकावाला काही अडतच नव्हतं.

"लोण्यासारखी जातेय," तो म्हणाला. "अशी जमीन माझ्या सासऱ्यानं हुंड्यात दिली असती तर?"

पिवळ्या थरातलं ढेकूळ तिने हातात घेऊन फोडलं. रानातली जुनी चिकण माती फुटते तेव्हा तिचे कोनाकोनांचे तुकडे पडतात, आणि तुकड्यांच्या अंगावर गुळगुळीत चकाकी असते. शेकडो वर्षं पाणी झिरपून ती येते. हिचा नुसता चुरा झाला. शेजारचे ओक दोन माणसांच्या कवेत न मावणारे, आणि खड्ड्यातलं सगळ्यात जाड मूळ अंगठ्याएवढं. तिने सुरीने बाजूची भिंत हळूहळू खरवडली. भिंतीत मनगटाएवढ्या मुळाचं टोक दिसलं. कुऱ्हाडीने तोडलेलं होतं. जखम केव्हाच काळी पडून भरली होती आणि तिच्या कडेने नवी मुळं फुटली होती. त्याच्या अलीकडे माती चुरा, पलीकडे माती घट्ट, आणि दोन्हींमध्ये वरपासून खालपर्यंत उभी रेष. जमिनीत आडव्या रेषा देव काढतो, उभी रेष माणूसच काढतो.

"इथे पूर्वी कुणीतरी खणलंय," ती म्हणाली.

"धन!" कासीचे डोळे चमकले. "फ्रेंचांनी जाताना पुरलेलं. अर्धं माझं, बाई, आधीच सांगून ठेवतो. साक्षीला दा आहेत."

"धन पुरणारा माणूस माती कशीही लोटतो. मग पिवळी ढेकळं वर दिसतात, काळी खाली जाते. इथे बघ. काळी वर, तपकिरी मध्ये, पिवळी खाली. सगळी हलवलेली, आणि सगळी जागच्या जागी." पुस्तकात अशा मातीलाही वर्ग आहे: माणसाने हलवलेली. पण हलवून पुन्हा रांगेत लावून ठेवलेली माती पुस्तकात नाही. तशी लावणारे लोक जगात फार थोडे, आणि या जंगलात तर दोनच होऊन गेले.

ते ध्यानात आलं आणि जेजिगाला एकदम हसू फुटलं, लहान मुलीसारखं.

"दा! अहो दा, हा तुमचाच खड्डा! तुमचा आणि बाबांचा!"

'बाबा' हा शब्द तिच्या तोंडून कित्येक वर्षांत निघाला नव्हता. तिचं तिलाच नवल वाटलं. अख्ख्या डोंगरात बापाने हीच जागा निवडली होती आणि तिनेही नेमकी तीच निवडली. त्याने घरात मागे काही ठेवलं नव्हतं. हा खड्डा मात्र त्याचा होता, त्याच्या डोळ्यांनी शोधलेला. मनातला राग होता तसाच राहिला आणि त्याच्या शेजारी आनंदही येऊन बसला.

"बोलला का नाहीत? मला झऱ्याकडे पाठवत होतात! बरं, हरकत नाही. मागची जुनी भिंत शाबूत असेल, तीच वाचू. कासी, आणखी खाली जा. तळापर्यंत."

कासीने टिकाव उचलला.

"थांब."

दा मेझियान वरच्या अंगाने आले होते. ज्या कडेवर पाय ठेवला म्हणून त्यांनी आयुष्यभर पोरांना झापलं, तीच कड ते बुटांनी तुडवत आले. जेजिगा 'दा, पाय!' म्हणणार होती, पण त्यांचा चेहरा पाहून तिने हातातली सुरी खाली ठेवली. ते कडेवर बसले, पाय आत सोडले, आणि कासीच्या टिकावाचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"याच्या खाली जाऊ नका."

"का?"

"खाली बुसाद आहे."

वाऱ्याने पानं हलली. कुठेतरी माकडांचं भांडण चाललं होतं. कासीने टोपी काढली, टिकाव तसाच म्हाताऱ्याच्या हातात ठेवून तो खड्ड्याबाहेर आला आणि दूर एका झाडाखाली पाठ करून बसला. बडबड्या माणसालाही गप्प कधी बसावं हे कळतं.

जेजिगा खड्ड्यातच उभी होती. आपण कशावर उभ्या आहोत हे कळल्यावर तिने एक पाय उचलला, पण ठेवायला दुसरी जागा नव्हती.

"सांगा," ती म्हणाली.

"खड्डा खणून झाला होता. तो आत, मी वर. तो भिंत वाचायचा, मी लिहून घ्यायचो, तशीच आमची पद्धत. पिवळ्या थरापर्यंत आला होता. आणि ते रानातले बंदूकवाले ओढ्याच्या बाजूनं वर आले. पाच-सहा जण. विचारलं, लपायचे खड्डे कुणासाठी खणताय? कुणाची माणसं तुम्ही? मी हात वर केले. बुसादला तू ओळखतेस."

"मी नाही ओळखत."

"त्याला कामात कुणी अडवलेलं खपायचं नाही. तो म्हणाला, आम्ही मातीची माणसं, बाजूला व्हा, सावली पडतेय, रंग कळत नाही. एवढंच म्हणाला गं. त्याच्या मनात उद्धटपणा नव्हता. खरंच सावली पडत होती."

जेजिगाने डोळे मिटून घेतले.

"तो आतच पडला. मला म्हणाले, बुजव. मी खाली उतरून त्याला उजव्या कुशीवर केलं, तोंड किब्ल्याकडे, नमाजाच्या दिशेला. माझा कोट घातला अंगावर. येत होती तेवढी दुआ म्हटली. मग बुजवलं. ते वरून ओरडत होते, लवकर आटप. पण माझे हात ऐकेनात. आधी पिवळी, मग तपकिरी, मग काळी. मी काय करतोय हे मला कळत नव्हतं. त्यांच्यातला एक हसून म्हणाला, शेत करतोस का इथे? मग त्यांनी माझ्या चार मुलींची नावं सांगितली, एकेक करून. आणि गेले."

"आणि तुम्ही घरी येऊन म्हणालात, फ्रान्सला गेला."

"तो मेला म्हणालो असतो तर सैनिक येणार. त्याला मारलं, मग तुला का सोडलं? त्यांना रसद कोण पुरवतं? तुझी आई, तू, माझ्या मुली, सगळ्यांना त्या चौकशीत ओढलं असतं. तो सापडत नाही म्हणालो असतो तर अख्खं गाव शोधायला रानात गेलं असतं. आपल्या मुलखात एकच गोष्ट अशी आहे की ती ऐकल्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. फ्रान्सला गेला."

"ठीक आहे. आणि पुढच्या वर्षी? बंदरात कुणी पाहिलं होतं त्यांना?"

"मालहा जेवत नव्हती. रोज फाटकात बसायची. मला वाटलं, तो जिवंत आहे म्हटलं तर उठेल."

"उठली ती. शिव्या द्यायला उठली!"

"हो. मला तेही बरं वाटलं. म्हटलं, रडणारी बाई खंगते, शिव्या देणारी जगते."

"आणि बंदुका गेल्यावर? शांतता आली तेव्हा मी शाळेत होते, दा. पोरं मला अम्जाहची म्हणून हाक मारायची. तुम्ही मला न्यायला यायचात, तुम्ही ऐकलंय ते. मी मार्सेयला निघाले तेव्हा फोटो लहान आहे म्हणून तो मोठा करून कुणी दिला मला?"

दा मेझियान टिकावाच्या दांड्याकडे पाहू लागले.

"कुणी दिला?"

"मी दिला. पहिलं वर्ष भीतीचं होतं, पोरी. बाकीची लाजेची. रोज वाटायचं, आज सांगू. आणि दर दिवशी सांगणं आणखी अवघड व्हायचं. आज तू इथे येणार कळलं तेव्हा वाटलं, बरोबर जावं, तुला दुसरीकडे वळवावं. आणि तूही येऊन नेमकी इथेच उभी राहिलीस. तो उभा राहिला होता तिथेच."

"लाज तुमची होती," जेजिगा म्हणाली. "भोगली आम्ही."

तिला त्यांना मारावंसं वाटलं, आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं, कारण वडील म्हणून तिला हाच माणूस मिळाला होता. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. ती बाहेर आली आणि कासीला हाक मारली. त्या दोघांनी पाला हाताने गोळा करून खड्ड्यावर पसरला, माकडं नि डुकरं येऊ नयेत म्हणून वर फांद्या टाकल्या. दा मेझियान मदतीला पुढे झाले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही राहू द्या. तुम्हाला अजून काम आहे. आईला तुम्ही सांगायचं, मी नाही."

मालहा अंगणात चटईवर बसून मसूर निवडत होती. दा मेझियानना पाहून ती सवयीने उठायला लागली. "बसा, दा. कॉफी ठेवते. काय हो, पोरीनं फारच दमवलं वाटतं तुम्हाला."

"उठू नकोस, मालहा," ते म्हणाले. ते बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, खाली पाहत. सांगताना एकदाच थांबले, सावलीपाशी.

मालहाचा हात मसुरात तसाच राहिला.

"खोटं," ती म्हणाली. मग, "बंदरात पाहिलं होतं ना कुणीतरी?"

"कुणी नाही."

"आणि ती बाई?"

"ती गावानं बनवली."

"मुलं?"

जेजिगा आईशेजारी बसली. मालहाने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"ती जागा किती लांब?"

"सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पोचतो माणूस."

"लाकडाच्या वाटेनं?"

"वाटेच्या थोडं वर."

"त्या वाटेनं मी लाकडं आणलीत," मालहा म्हणाली. "कितीदा आणलीत. डोक्यावर मोळी घेऊन शिव्या देत गेलेय मी तिथून." तिने ताट बाजूला ठेवलं. आजवर तिने या माणसाला कधी एकेरी हाक मारली नव्हती. आता मारली. "मेझियान, दर ईदला तू मांस घेऊन यायचास. दर ईदला मी कॉफी देताना विचारायचे, काही कळलं का. तू कपात बघून म्हणायचास, नाही गं, काही नाही. माझ्या हातची कॉफी तुझ्या घशाखाली उतरत होती?"

"नाही उतरत होती."

"पण प्यायचास."

"प्यायचो."

"आता या घरात बसायचं नाही. सरकारी माणसं येतील, त्यांना सगळं सांग. एक शब्द गाळू नकोस. मग जा."

त्यांनी सांगितलं. डोंगरावर जाऊन जागाही दाखवली. आलेल्या माणसांनी चार दिशांना दोऱ्या बांधून, ब्रशने आणि छोट्या खुरप्यांनी बुसादला बाहेर काढलं. कोटाची बटणं सापडली, हाडं सापडली. ती शहरात नेली, तपासली, जेजिगाच्या रक्ताशी जुळवली, आणि पहिलं बर्फ पडायच्या आत एका अरुंद पेटीतून गावी धाडली.

आमच्याकडे कबर गाव खणतं, घरटी एक माणूस. त्या दिवशी कुणाला निरोप धाडावा लागला नाही. ज्याने मार्सेयच्या मुलांची नावं सांगितली होती तोही फावडं घेऊन आला आणि सगळ्यांत जास्त घाम गाळून गेला. बायका सकाळपासून मालहाच्या अंगणात जमल्या होत्या. काहींना तिच्या गळ्यात पडायचं होतं, पण आजवर तिला दिलेले सल्ले आठवून त्या कोपऱ्यातच बसून राहिल्या. दा मेझियान फाटकाबाहेर भिंतीला टेकून उभे होते. आत या असं त्यांना कुणी म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. जेजिगा दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आली.

अंगणाच्या मध्यावर तिरडी. तिच्यावर पांढरं कफन, आत फार थोडं काही. पुरुष खांदा द्यायला पुढे आले तेव्हा इमाम त्यांना हाताने थांबवून मालहाकडे वळले. माणूस उचलण्याआधी त्याच्या बायकोला एक प्रश्न विचारायचा असतो. तिने 'केलं' म्हणायचं, की त्याची वाट मोकळी. हे उत्तर प्रत्येक बाईला पाठ असतं. मारझोड करणाऱ्या नवऱ्यांच्या बायकाही ते देतात.

"मालहा," इमाम म्हणाले, "बुसादकडून तुझ्या बाबतीत काही चुकलंमाकलं असेल, त्याबद्दल त्याला माफ केलंस?"

अंगणातल्या बायका रडायच्या थांबल्या. मालहा चटईवरून उठली. जेजिगाने आधाराला हात दिला, तो तिने धरला नाही.

"मी?" ती म्हणाली. "मी काय माफ करू? त्याला मूठभर माती मिळू नये म्हणून रोज सकाळी मी देवाकडे मागणं मागितलं. माझी पोर ते ऐकत मोठी झाली. तो डोंगरावर पडून होता, मुकाट. त्याचं काही चुकलं नाही, इमामसाहेब. त्याला विचारा. त्यानं मला माफ केलं का, ते त्याला विचारा."

इमाम म्हातारे होते. त्यांनी गावातली निम्मी माणसं पोचवली होती. हा प्रश्न उलटा कुणी विचारला नव्हता. तिरडीजवळचे पुरुष जमिनीकडे पाहत राहिले.

मालहा कफनाकडे बघत उभी राहिली, मान जराशी कलती करून, खरोखरच कुणी बोलेल म्हणून. कुणी तिला घाई केली नाही. मग तिने पुढे होऊन कापडाची एक सुरकुती हाताने सरळ केली.

"उचला," ती म्हणाली, आणि त्यांनी त्याला उचललं.